ओयम्याकोन: उणे ७१.२ हा आकडा आला कुठून?

पूर्व सायबेरियात, रशियाच्या साखा (याकूतिया) प्रजासत्ताकात इंदिगिर्का नदीकाठी ओयम्याकोन हे गाव आहे. २०१० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ४६२ होती. एवढ्याशा गावाला 'थंडीचा ध्रुव' म्हणून जगभर ओळखतात. इथल्या स्मारकावर उणे ७१.२ अंश सेल्सियस हा आकडा झळकतो आणि बातम्यांतही तोच फिरतो. मात्र हे तापमान कोणत्याही तापमापकावर कुणी वाचलेले नाही.

आधी जागा समजून घ्यावी लागते. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटर उंचीवर आहे, पण वसले आहे खोलगट दरीत. चहूबाजूंनी डोंगर आहेत. ओखोत्स्कचा समुद्र सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरवर असला, तरी मधल्या डोंगररांगा त्याची ऊब आत येऊ देत नाहीत. हिवाळ्यात सायबेरियावर जास्त दाबाचा पट्टा ठाण मांडतो, आकाश निरभ्र राहते आणि वारा पडतो. डिसेंबरात दिवस जेमतेम साडेचार तासांचा. बर्फाच्छादित जमीन रात्रभर उष्णता बाहेर टाकते. गार हवा जड असल्याने उतारांवरून घरंगळत दरीत साठते आणि तिथेच अडकते. त्यामुळे आजूबाजूचे उतार तळापेक्षा उबदार असतात, म्हणजे 'उंच तितके थंड' हा आपला नेहमीचा हिशेब इथे उलटतो. वारा सुटला की हवेचे थर मिसळतात आणि पारा चढतो, म्हणून उच्चांकी थंडीची रात्र नेहमी शांत असते.

लिखित इतिहासात ओयम्याकोन येते ते सतराव्या शतकात. १६४१-४२ मध्ये मिखाईल स्तादुखिन याची कोसॅक, म्हणजे झारच्या सेवेतल्या सीमेवरच्या सैनिकांची, तुकडी फरच्या कराच्या, म्हणजे 'यासाक'च्या वसुलीसाठी इथे पोहोचली. तिच्यात सेम्योन देझ्न्योव्ह होता. स्थानिक टोळ्यांच्या हल्ल्यात घोडे गेले, तेव्हा तुकडीने होडी बांधून इंदिगिर्कातून उत्तरेचा समुद्र गाठला. हाच देझ्न्योव्ह १६४८ मध्ये आशिया आणि अमेरिका यांमधल्या सामुद्रधुनीतून गेला, जिच्या नावाने ती ओळखली जाते त्या दर्यावर्दी बेरिंगच्या ऐंशी वर्षे आधी. ओयम्याकोनच्या खात्यावर ही गोष्टही मांडायला हवी, पण थंडीच्या गाजावाजात ती झाकली जाते.

पुढची अडीचशे वर्षे इथे याकूत पशुपालक आणि रेनडियर राखणारे एवेन यांचाच वावर राहिला. १८९१ मध्ये इव्हान चेर्स्की शास्त्रीय मोहीम घेऊन इथून कोलिमा नदीकडे गेला आणि पुढच्याच वर्षी वाटेत वारला. १९२६ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ सेर्गेई ओब्रुचेव्ह आला. इथल्या मोठ्या पर्वतरांगेला चेर्स्कीचे नाव त्यानेच दिले. इथली थंडी याकूतियातल्याच वेर्खोयान्स्क या गावापेक्षा कडक असावी असे त्याला निरीक्षणांवरून वाटले. उणे ७१.२ हा त्याच अनुमानाच्या आधाराने काढलेला, गणिताचा आकडा.

मोजलेला आकडा ६ फेब्रुवारी १९३३ चा आहे: उणे ६७.७. वेर्खोयान्स्कचा विक्रम फेब्रुवारी १८९२ चा, उणे ६७.८. त्या नोंदीसाठी जुन्या साहित्यात उणे ६९.८ असेही सापडते. उपकरणाच्या चुकीची दुरुस्ती लावल्यावर ती ६७.८ वर आली. घोळ होतो तो इथेच. पारा उणे ३८.८ ला गोठतो, म्हणून अशा थंडीत अल्कोहोलचे तापमापक वापरावे लागतात. अल्कोहोल सगळ्या तापमानांना सारख्या प्रमाणात आकुंचन पावत नाही. शिवाय त्याची वाफ नळीच्या वरच्या टोकाला जमते किंवा स्तंभ तुटतो, आणि तापमान खऱ्यापेक्षा कमी दिसते. दुरुस्ती न लावलेला आकडा म्हणूनच विश्वासाचा नाही. आणखी एक बारकावा: विक्रम नोंदवणारे हवामान केंद्र नेमके गावात नाही, ते शेजारच्या तोमतोरच्या दिशेने दरीत आहे. त्यामुळे हा मान नक्की कुणाचा, यावर दोन्ही गावांत चढाओढ आहे. उत्तर गोलार्धाचा विक्रम तर आता ओयम्याकोनकडेही नाही आणि वेर्खोयान्स्ककडेही नाही. ग्रीनलंडमधल्या क्लिंक केंद्रावरची २२ डिसेंबर १९९१ ची उणे ६९.६ ही नोंद जागतिक हवामान संघटनेने २०२० मध्ये मान्य केली. कायमची वस्ती असलेल्या ठिकाणांत मात्र ओयम्याकोन आणि वेर्खोयान्स्क यांच्या जवळपास कुणी येत नाही.

१९३० च्या दशकात दालस्त्रोय या सरकारी यंत्रणेने कैद्यांकडून कोलिमा महामार्ग खोदून घ्यायला सुरुवात केली. कामात असंख्य कैदी मेले. त्या रस्त्याचा जुना फाटा तोमतोरवरून जातो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून मिळालेली विमाने अलास्कातून सायबेरियामार्गे नेली जात, तेव्हा इथली धावपट्टी राखीव म्हणून ठेवली होती.

आजचे जगणे याच हवेला जुळवून घेतलेले आहे. जमीन कायमची गोठलेली. घराच्या उबेने ती वितळली तर पाया खचतो. नळ गोठतात, म्हणून पाण्यासाठी नदीतला बर्फ लाद्यांनी कापून साठवतात आणि लागेल तसा वितळवतात. बहुतेकांचे शौचालय अंगणात. साधे डिझेल घट्ट होऊन गाळणीत अडकते, म्हणून आर्क्टिक प्रतीचे घ्यावे लागते. गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवायची, नाहीतर इंजिन चालूच ठेवायचे. एकदा पूर्ण थंड झालेले इंजिन, तेल घट्ट झाल्यामुळे, फिरतच नाही. ठेंगण्या याकूत गाईंना बंद गोठ्यात ठेवतात आणि बाहेर काढताना सडांवर कापडी आवरण बांधतात. याकूत घोडे मात्र बाराही महिने उघड्यावर राहतात आणि खुरांनी बर्फ उकरून गवत खातात. गाईंचे गवत उन्हाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत कापून ठेवावे लागते. तेव्हा दिवस वीस तासांचा असतो आणि पारा तिशीपारही जातो. २८ जुलै २०१० रोजी इथे ३४.६ अंश नोंदले गेले.