मारुती ८०० : पुढच्या सस्पेन्शनची झीज आणि दुरुस्ती

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आज चालत असलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच वीस-पंचवीस वर्षांच्या आहेत. ७९६ सीसीचे इंजिन सहसा दगा देत नाही. जुन्या ८०० ची तक्रार बहुतेक वेळा पुढच्या चाकांपाशी सुरू होते : खड्ड्यात खडखड, ब्रेक दाबताच खालून ‘टक्’, स्टिअरिंग सोडले की एका बाजूला ओढणारी गाडी. या तक्रारींवर सर्रास ‘शॉकअप गेले’ (म्हणजे धक्के शोषणारे शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाले) असे निदान केले जाते आणि ते ज्यात बसवलेले असतात ते महागडे स्ट्रट बदलूनही आवाज तसाच राहतो. या गाडीत आधी मरते ते रबर. तपासणीही तिथूनच सुरू व्हायला हवी.

पुढची रचना मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीची आहे. एका उभ्या नळीत शॉक ॲब्सॉर्बर, तिच्या वरच्या भागाभोवती कॉइल स्प्रिंग, खालच्या टोकाला चाकाचा नकल (चाक ज्यावर बसते तो धातूचा भाग) आणि वरच्या टोकाला रबरी माउंटिंगमधून थेट बॉडीचा पत्रा. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये एका स्वस्त, छोट्या गाडीसाठी ही मांडणी विकसित केली. ती गाडी बाजारात आलीच नाही. मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले आणि १९५० च्या सुमारास ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफर या गाड्यांमधून ही पद्धत रूढ झाली. कमी सुटे भाग, कमी जागा आणि कमी खर्च, त्यामुळे छोट्या गाड्यांनी ती उचलून धरली.

८०० मध्ये यावर आणखी एक काटकसर आहे. चाकाला आडवे धरणारा लोअर आर्म एकेरी दांड्यासारखा असून तो बॉडीला एकाच बुशने (रबरी अस्तराच्या नळीने) जोडलेला असतो. चाक पुढे-मागे सरकू नये हे काम स्टॅबिलायझर बारकडे (वळताना गाडीचे कलणे कमी करणाऱ्या आडव्या दांड्याकडे) दिलेले आहे. बारची दोन्ही टोके लोअर आर्ममधून आरपार जातात, दोन्ही अंगांना रबर आणि वॉशर लावून नटाने आवळलेली असतात. इतर अनेक गाड्यांत स्टॅबिलायझरचे रबर झिजले तर फक्त आवाज येतो. इथे चाकाची जागाच बदलते. ब्रेक दाबला की सैल बाजूचे चाक रबराच्या झिजेइतके मागे जाते, सोडला की पुढे येते. ‘टक्’ हा आवाज त्याचाच, आणि ब्रेक लावताना गाडी ओढण्याचे कारणही पुष्कळदा तेच. एका बाजूचा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकला असेल तरीही गाडी ओढते, म्हणून जॅक लावून चाक हाताने मोकळे फिरते का ते आधी पाहावे.

तपासणीची सुरुवात टायरपासून केली तर निम्मे काम बसल्या जागी होते. तळहात टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवावा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने कडा बोचत असतील तर टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे माप) बिघडला आहे, म्हणजे टाय रॉड एंड, रॅक एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचे बाहेरचे आणि आतले सांधे) किंवा वाकलेला आर्म यांच्याकडे बघायचे. परिघावर ठरावीक अंतराने खोलगट चट्टे पडले असतील तर चाक रस्त्यावर उड्या मारते आहे. तिथे शॉक ॲब्सॉर्बरवरचा संशय रास्त ठरतो. फक्त आतली किंवा बाहेरची कड सपाट झाली असेल तर कॅम्बर (चाकाचा उभा कल) किंवा टो.

मग गाडी जॅकवर घेऊन खाली घोडी (आधाराचा स्टँड) द्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणी जाऊ नये. चाक वर आणि खाली धरून हलवले आणि प्ले (सैलपणा) जाणवला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. प्ले नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा, कायम राहिला तर बॉल जॉइंटचा (लोअर आर्म आणि नकल जोडणाऱ्या गोल सांध्याचा) किंवा स्ट्रटच्या बोल्टचा. डाव्या-उजव्या कडा धरून हलवल्यावर येणारा प्ले स्टिअरिंगच्या सांध्यांचा असतो. रॅकच्या रबरी बेलोवरून (घडीदार आवरणावरून) बोटांनी दाबून धरले की आतला सैल रॅक एंड हाताला कळतो. लोअर आर्मच्या बुशसाठी टॉमी (लोखंडी पहार) लावून हलकेच उचकटून पाहायचे. रबर थोडे दबणे स्वाभाविक आहे, पण धातूवर धातू आदळता कामा नये. माउंटिंगची खूण वेगळी : गाडी चाकांवर उभी असताना एकाने स्टिअरिंग सावकाश फिरवायचे आणि दुसऱ्याने मडगार्डच्या आत हात घालून स्प्रिंगवर बोटे ठेवायची. स्प्रिंग सलग न फिरता अडकून झटका देत असेल तर माउंटिंगमधले वरचे बेअरिंग संपले आहे. पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना येणारी ‘कटकट’ मात्र सस्पेन्शनची नव्हे, ती ॲक्सलच्या बाहेरच्या सांध्याची असते. ही गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते, त्यामुळे दोन्हींची गफलत नेहमी होते.

बॉनेट दाबून गाडी किती डुलते हे पाहणे लोकप्रिय आहे, पण त्यातून फक्त पूर्ण मेलेला शॉक कळतो. स्ट्रटच्या नळीवर ओले तेल आणि त्यावर चिकटलेली धूळ हा अधिक भरवशाचा पुरावा.

दुरुस्तीत कोणता भाग केव्हा काढायचा हे ठरलेले असते. स्टॅबिलायझरचे रबर आणि लोअर आर्म एकत्रच करावेत, कारण एकासाठी दुसरे सोडवावेच लागते. बॉल जॉइंट आर्मसकट येत असल्याने घरी प्रेस करत बसण्यात अर्थ नाही. टाय रॉड एंड नकलमधून सोडवायला काटा (सांधा उचकटण्याचे दुशाखी हत्यार) ठोकला की त्याचे रबरी बूट फाटते. जुना सांधा फेकायचाच असेल तर चालेल, नाहीतर नट अर्धवट ठेवून नकलच्या डोळ्यावर बाजूने हातोड्याचे दोन नेमके फटके द्यावेत. टाय रॉड काढण्यापूर्वी लॉकनटची जागा रंगाने खुणावून ठेवली म्हणजे नवा एंड त्याच जागी बसतो आणि गाडी निदान अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नीट जाते.

स्ट्रट उघडण्याच्या कामात घाई जिवावर बेतू शकते. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते आणि तिला थोपवून धरणारा वरचा मधला नटच असतो. बॉडीला जोडणारे बाजूचे नट सोडून स्ट्रट बाहेर येतो, पण मधला नट स्प्रिंग कंप्रेसर या हत्याराने स्प्रिंग आवळल्याशिवाय हलवायचा नाही. स्प्रिंग हाताने बैठकीत फिरू लागली म्हणजे तिच्यावरचा भार सुटला. मगच पाना लावावा. दोरी किंवा तार बांधून हे काम करणारे गॅरेजवाले आहेत. त्यांच्यापासून गाडी आणि स्वतः, दोघांनाही लांब ठेवावे. शॉक बाहेर आला की दांडी पूर्ण खाली-वर करून बघावी. दोन्ही दिशांना सलग विरोध हवा. मध्येच पोकळी लागली तर शॉक बाद. बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. तेल भरून ‘रिकंडिशन’ केलेले स्ट्रट स्वस्त पडतात, पण घासलेल्या दांडीवर नवे सील फार काळ तग धरत नाही.

सर्वांत जास्त दुर्लक्षित होणारी गोष्ट म्हणजे बुशचे शेवटचे आवळणे. लोअर आर्मचे बुश फिरत नाही, पिळते. त्याची आतली नळी बोल्टने घट्ट धरलेली असते आणि आर्म वर-खाली होतो तेव्हा मधले रबर पिळ घेते. गाडी हवेत, चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. म्हणून नट हातघट्ट ठेवून गाडी चाकांवर उतरवावी, दोन-चार वेळा दाबून सोडावी, मग पूर्ण आवळावे. लिफ्टवर सगळे एकदम आवळून गाडी हातात देणाऱ्या गॅरेजात ‘नवे बुश टिकत नाहीत’ ही तक्रार ऐकू येते, आणि दोष मात्र मालाला दिला जातो.

मालही अर्थात पाहूनच घ्यावा लागतो. मुंबईत कुर्ला, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत काश्मिरी गेट इथे ८०० चे सुटे भाग अजून मुबलक मिळतात, आणि एकाच भागाच्या दर्जात जमीन-अस्मानाचा फरक असतो. कडक पॉलियुरेथेनचे (रबराऐवजी वापरले जाणारे प्लास्टिक) बुश टिकतात, पण रस्त्याचा प्रत्येक दाणा आत पोचवतात. १२ इंची चाकांच्या हलक्या गाडीत ते शहाणपणाचे वाटत नाही.

काम संपल्यावर व्हील अलाइनमेंट करावेच लागते. तिथे दुरुस्त होतो तो फक्त टो, टाय रॉडच्या आट्यांवर. कॅम्बर आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) यांना या गाडीत कंपनीने समायोजन ठेवलेले नाही. सगळे भाग नवे असूनही कॅम्बर एका बाजूला चुकत असेल तर नकल वाकलेला आहे, किंवा बॉडी सरकली आहे. कोकणच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाड्यांमध्ये स्ट्रटच्या माथ्याखालचा पत्रा गंजून फुगलेला आढळतो. गाडीचा सगळा पुढचा भार त्याच पत्र्यावर येतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओची तपासणी असते, तिच्यासाठी वरून पुटी आणि रंग मारून गंज झाकण्याचे प्रकार चालतात. म्हणून जुनी ८०० घेणाऱ्याने, किंवा सस्पेन्शनवर खर्च करू पाहणाऱ्याने, आधी बॉनेट उघडून माउंटिंगच्या भोवतालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावा. आवाज बद आला तर आधी पत्रेवाल्याला दाखवावे, सस्पेन्शनची खरेदी त्यानंतर.