व्हिसा कधी संपतो? वैधतेची तारीख आणि मुक्कामाची मुदत

गोव्यात हरमल-हणजुण्याला खोल्या भाड्याने देणाऱ्यांना हा घोळ पाहुण्यांच्या कागदावर नेहमी दिसतो. ३० दिवसांच्या भारतीय ई-टुरिस्ट व्हिसावर ‘डेट ऑफ एक्स्पायरी’ छापलेली असते. ती दोन दिवसांवर आली की पाहुणा घाबरून विचारतो, परवा देश सोडावा लागणार का? लागत नाही. ती भारतात पाऊल ठेवण्याची शेवटची तारीख असते, आणि ३० दिवस तो आल्याच्या दिवसापासून मोजतात. तारवट्यांच्या, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या, घरात हीच गोष्ट वेगळ्या रूपात माहीत असते: अमेरिकेचा सी-१/डी व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी बोटीवरचा माणूस एका खेपेला जास्तीत जास्त २९ दिवस किनाऱ्यावर राहू शकतो.

मराठीत आपण दोन्हीला ‘व्हिसा संपला’ एवढंच म्हणतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. वैधता म्हणजे तो कागद कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालतो. मुक्कामाची मुदत म्हणजे आत गेल्यावर किती दिवस राहता येतं. विमानाने आठवडाभर बँकॉकला जाऊन येणाऱ्याला हा फरक कळला नाही तरी फारसं बिघडत नाही. गोव्याहून रस्त्याने युरोपला निघालेल्याचं मात्र बिघडतं. तो हळू चालतो, कागद महिनाभर आधी काढलेला असतो, आणि सीमेच्या नाक्यावर पोचेपर्यंत पहिलं, म्हणजे वैधतेचं, घड्याळ बरंच पुढे गेलेलं असतं.

आणखी एक गाठ आहे. वैधतेची शेवटची तारीख सगळीकडे एकाच अर्थाची नसते. काही देशांत ती ‘या तारखेपर्यंत आत या’ अशी असते, काही देशांत ‘या तारखेपर्यंत बाहेर पडा’ अशी. नवा व्हिसा हातात आला की आधी हे शोधावं, दिवस नंतर मोजावेत.

पहिल्या प्रकारात सगळ्यांत स्वच्छ लिहिलेलं स्टिकर चीनचं. त्यावर ‘एन्टर बिफोर’ असा एक रकाना असतो आणि ‘ड्युरेशन ऑफ ईच स्टे’ असा दुसरा. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात ०३० असा आकडा. ‘एन्टर बिफोर’च्या आदल्या दिवशी आत गेलात तरी पुढचे पूर्ण ३० दिवस तुमचे. कंबोडियाचा ई-व्हिसाही असाच: मिळाल्यापासून तीन महिन्यांत प्रवेश करायचा, आणि प्रवेशानंतर ३० दिवस राहायचं.

शेजारचा व्हिएतनाम दुसऱ्या प्रकारातला. तिथला ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, पण अर्जात दिलेल्या ‘पासून-पर्यंत’ तारखा हीच त्याची चौकट. समजा १ नोव्हेंबर ते २९ जानेवारी अशा तारखा घेतल्या आणि लाओसमध्ये गाडीचं काम निघून २० नोव्हेंबरला नाक्यावर पोचलात, तर गेलेले १९ दिवस कोणी परत देत नाही. बाहेर पडायचं ते २९ जानेवारीलाच. कंबोडियाच्या सवयीने व्हिएतनामचा कागद वाचणारे इथेच फसतात.

रशियाचा ई-व्हिसा वरून पाहिला तर पहिल्या प्रकारासारखा वाटतो, वागतो मात्र दुसऱ्यासारखा. भारतीयांना तो १ ऑगस्ट २०२३ पासून मिळतो. सुरुवातीला वैधता ६० दिवस आणि मुक्काम १६ दिवस असा होता. ऑगस्ट २०२५ पासून वैधता १२० दिवस आणि मुक्काम ३० दिवस झाला. जुनी प्रवासवर्णनं वाचून बेत आखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. हे ३० दिवस १२० दिवसांच्या आतच बसावे लागतात. उदाहरणार्थ, व्हिसा १ मे रोजी निघाला तर १२०वा दिवस २८ ऑगस्ट. तुम्ही १० ऑगस्टला सीमा ओलांडलीत, तर ३० दिवस ८ सप्टेंबरपर्यंत जायला हवेत, पण कागद २८ ऑगस्टला थांबतो. हाती उरतात १९ दिवस. रशियाचा विस्तार पाहता हा तोटा लहान नाही, म्हणून हा अर्ज घरून करू नये. मध्य आशियात असताना, प्रवेशाची तारीख दोन-तीन आठवड्यांवर आली की करावा. अर्ज पूर्णपणे ऑनलाइन आहे, पासपोर्ट कुठे पाठवावा लागत नाही.

बहुतेक देश प्रवेशाचा दिवस पहिला दिवस धरतात, मग शिक्का सकाळी सात वाजता पडो की रात्री पावणेबाराला. २४ तासांचा हिशेब सहसा करत नाहीत. नाक्यावर रांग लांबली आणि मध्यरात्र जवळ आली, तर ज्या देशातून बाहेर पडताय तिथले दिवस शिल्लक असल्यास थांबून बाराच्या नंतर आत जाणं फायद्याचं. मात्र आधी घड्याळ नीट पाहावं. चीनमध्ये शिनजियांगच्या टोकालाही अधिकृत वेळ पेइचिंगचीच चालते.

जिथे व्हिसाच लागत नाही तिथे वैधतेचा प्रश्न मिटतो, मुक्कामाचा राहतो. कझाकस्तानात भारतीय पासपोर्टवर एका वेळी १४ दिवस आणि १८० दिवसांत एकूण ४२ दिवस राहता येतं. जगातला नवव्या क्रमांकाचा मोठा देश १४ दिवसांत आडवा कापायचा असेल, तर गाडीच्या दुरुस्तीसाठी त्यात दोन दिवस मोकळे ठेवलेच पाहिजेत. आणि ‘व्हिसामुक्त’ शब्दावर भुलू नये. इराणने फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीयांना १५ दिवसांची सूट दिली तेव्हा ती फक्त विमानाने येणाऱ्यांना होती; रस्त्याने जाणाऱ्याला तेव्हाही व्हिसा लागत होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तीही सूट थांबवली.

युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचं स्टिकर मात्र नीट बसून वाचायला हवं, कारण त्यावर दोन्ही घड्याळं एकाखाली एक छापलेली असतात. वर ‘फ्रॉम’ आणि ‘अन्टिल’, खाली ‘ड्युरेशन ऑफ स्टे’पुढे दिवसांचा आकडा, आणि ‘नंबर ऑफ एन्ट्रीज’पुढे ०१, ०२ किंवा मल्ट (कितीही वेळा प्रवेश). ‘अन्टिल’ ही बाहेर पडण्याची तारीख. मुक्काम ३० दिवसांचा असला, तरी वैधतेत सहसा १५ दिवस सवलतीचे जोडून देतात, म्हणून चौकट ४५ दिवसांची दिसते. ती पाहून ‘४५ दिवस मिळाले’ म्हणणारे पुष्कळ असतात.

हिशेब असा. फ्रॉम १० जून, अन्टिल २४ जुलै, मुक्काम ३०. पूर्ण ३० दिवस वापरायचे तर उशिरात उशिरा २५ जूनला आत शिरायला हवं. १ जुलैला शिरलात तर २४च दिवस मिळतील. आणि ११ जूनला शिरलात तर १० जुलैला तुमचे दिवस संपले, स्टिकर अजून दोन आठवडे ‘जिवंत’ दिसत असलं तरी. आल्याचा आणि गेल्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात.

दीर्घ मुदतीचं मल्ट स्टिकर असेल तर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस ही मर्यादा. १ मार्चला शिरून सलग राहिलात तर २९ मे हा नव्वदावा दिवस. पुन्हा प्रवेश २८ ऑगस्टला, कारण तेव्हा १ मार्च हा दिवस मागच्या १८० दिवसांतून बाहेर पडतो. मधल्या काळात स्टिकर वैध असतं, पण तुमच्याकडे दिवस नसतात. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यामुळे पुसट शिक्क्याचा संशयाचा फायदा आता धरू नये.

तुर्कीतून येणाऱ्यांसाठी एक बदल फार महत्त्वाचा. पूर्वी कापिकुले नाक्यावरून बल्गेरियात शिरलं तरी तिथले आणि रोमेनियातले दिवस शेंगेनमध्ये धरत नसत. १ जानेवारी २०२५ पासून दोन्ही देश जमिनीच्या सीमेवरही शेंगेनमध्ये आले. क्रोएशिया २०२३ पासूनच आहे. म्हणजे घड्याळ आता बल्गेरियाच्या पहिल्या खिडकीपाशीच सुरू होतं.

याच टप्प्यावर दोन व्हिसा एकमेकांत अडकतात. तुर्कीचा ई-व्हिसा भारतीयांना मिळतो तो शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा किंवा रहिवासी परवाना हाती असेल तरच, आणि तो आधाराचा व्हिसा तुर्कीत शिरण्याच्या दिवशी वैध असावा लागतो. शेंगेनचं ‘फ्रॉम’ १५ सप्टेंबर आणि तुर्कीत प्रवेश २० ऑगस्टला, तर त्या दिवशी तुमचं शेंगेन सुरूच झालेलं नाही. पुढच्या तारखेचं स्टिकर चालेल असं धरून निघू नये. एक तर तुर्कीचा साधा व्हिसा आधी काढावा, नाही तर शेंगेनच्या अर्जात आधीची तारीख आणि एकाहून जास्त प्रवेश मागावेत.

मग शेंगेन काढायचा कधी? वाटेत तबिलिसी किंवा अल्माटीला काढू, हा विचार बहुतेकांना सुचतो आणि बहुधा फसतो. नियमाप्रमाणे अर्ज तुम्ही कायदेशीर राहता त्या देशातूनच करायचा. दुसरीकडून करण्याची सूट अपवादाने मिळते. घरून करायचा तर प्रवासाच्या सुरुवातीआधी सहा महिन्यांपेक्षा लवकर घेत नाहीत. बल्गेरियात १५ सप्टेंबरला शिरायचं असेल, तर अर्ज १५ मार्चपासून. निर्णयाला १५ दिवस लागतात आणि ते ४५पर्यंत जाऊ शकतात. तेवढे दिवस पासपोर्ट कॉन्सुलेटकडे. त्यानंतर तोच पासपोर्ट चीनच्या व्हिसासाठी पाठवायचा. म्हणजे शिगमो आटोपला की निघू, हा बेत या वाटेवर कागदावरच अडतो. निघणं मेच्या मध्यावर जातं. त्याने फार नुकसान नाही, पामीरचे घाट जून ते सप्टेंबर बरे असतात. चतुर्थी करून निघायचं म्हटलं तर मात्र ते बर्फात सापडतात.

पणजीत पोर्तुगालचं कॉन्सुलेट आहे, म्हणून गोव्यातले बरेच जण अर्ज तिथेच टाकायला बघतात. अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. दिवस सारखे असतील तर ज्या देशातून प्रथम शिरणार त्याच्याकडे. इटलीत पंधरा दिवस आणि लिस्बनला तीन, तर तो अर्ज पोर्तुगालचा होत नाही. लिस्बनलाच मोठा मुक्काम असेल तर पणजी सोयीची, आणि मग प्रवासाचा आराखडाही तसाच खरा असायला हवा.

पाकिस्तानची वाट भारतीयांना बंद आहे, अटारीचा नाका एप्रिल २०२५ पासून मिटला. त्यामुळे गाडी घेऊन जाणारे नेपाळ-तिबेटकडे वळतात. तिबेटात परवाना, मार्गदर्शक आणि ठरलेला मार्ग सक्तीचा असतो, म्हणून तिथली प्रवेशाची तारीख हलत नाही. बेत आखताना ती आधी खुंटीसारखी ठोकावी आणि बाकीच्या देशांचे दिवस तिच्या पुढे-मागे मोजावेत. वहीत प्रत्येक देशापुढे तीन आकडे लिहावेत: आत शिरण्याची शेवटची तारीख, बाहेर पडण्याची शेवटची तारीख, मुक्कामाचे दिवस. ज्या देशाच्या दोन तारखा वेगळ्या निघत नाहीत तो व्हिएतनामच्या जातीचा, त्याचा अर्ज शेवटी करायचा.

मुदत वाढवून घेणं हाही गैरसमजाचा विषय. वाढतो तो मुक्काम, प्रवेशाचा हक्क वाढत नाही. चीनमध्ये असा अर्ज मुक्काम संपण्याच्या किमान सात दिवस आधी द्यावा लागतो. थायलंडमध्ये १,९०० बाट भरून ३० दिवस वाढवले आणि पुनर्प्रवेशाचा परवाना न घेता लाओसला जाऊन आलात, तर वाढवलेले दिवस बाहेर पडतानाच रद्द होतात.

जमिनीच्या नाक्यावर आणखी एक धोका आहे. आधी एक देश बाहेरचा शिक्का मारतो, मग काही अंतरावर दुसरा देश कागद तपासतो. रशियाचा ई-व्हिसा यादीतल्या ठराविक नाक्यांवरच चालतो. चुकीच्या नाक्यावर गेलात तर तुम्हाला मागे पाठवतात. मागचा देश कझाकस्तान असेल तर निदान परत शिरता येतं, पण मागचा देश दुसरा असेल आणि तिथे एकदाच प्रवेशाचा व्हिसा वापरलेला असेल तर तो बाहेरच्या शिक्क्याबरोबर संपलेला असतो, त्याच्या वैधतेची तारीख कितीही पुढे असो. म्हणून बाहेरचा शिक्का घेण्याआधी पुढच्या नाक्याचं नाव अधिकृत यादीशी अक्षर अन् अक्षर जुळवावं. डोंगरातले काही नाके शनिवार-रविवारी आणि सणांना बंद असतात. मुक्कामाचा शेवटचा दिवस रविवारी येत असेल तर तुमचा खरा शेवटचा दिवस शुक्रवार.

आत जाताना खिडकीपासून हलण्याआधी शिक्का वाचावा. तारीख आजची आहे का, प्रवेशाचाच आहे का, पुसट तर नाही? काही देशांत अधिकारी शिक्क्याशेजारी पेनाने मुक्कामाचे दिवस किंवा शेवटची तारीख लिहितात. तो आकडा व्हिसाशी जुळला नाही तर तिथल्या तिथे विचारावं. दहा पावलं पुढे गेल्यावर तो दुरुस्त करून घेणं फार अवघड जातं.