साखर ‘बॉर्डर’वर असतानाच हृदयाच्या नसा का बिघडू लागतात : एक पार्श्वभूमी

विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयांत आणि उपकेंद्रांत ‘शुगर बॉर्डरवर आहे’ हे वाक्य आता रोज कानावर पडते. ऐकणारा बहुधा सुटकेचा निःश्वास टाकतो, कारण त्याने त्याचा अर्थ ‘अजून काही झालेले नाही’ असा घेतलेला असतो. ही बॉर्डर कोणी आणि कशाच्या आधारावर आखली, आणि हृदयाचा वेग सांभाळणाऱ्या नसा (रक्तवाहिन्या नव्हेत, मज्जातंतू) ती जुमानतात का, याचा इतिहास पाहिला तर हा दिलासा अपुरा आहे असे दिसते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात डिसेंबरातल्या तपासणीच्या दिवशी कापूस वेचायला जाणारी पन्नाशीची एक बाई आली होती. ‘बसल्या जागची उभी रायली का डोयापुढं अंधारी येते जी,’ एवढीच तिची तक्रार होती. उन्हाळ्यात ही तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ऊन लागले असे समजून मीठ-साखरेचे पाणी देतात आणि पुष्कळदा ते योग्यही असते. पण वेचणीच्या थंडीत उन्हाला बोल लावता येत नव्हता. उपाशीपोटीची साखर ११२, ग्लुकोज पाजल्यानंतर दोन तासांनी १६८, आणि अर्धा तास बाकावर शांत बसूनही नाडी ९६. रक्त कमी असेल असे धरून आम्ही तिला लोहाच्या गोळ्या दिल्या आणि साखरेच्या कागदावर ‘बॉर्डर’ असे लिहिले. झोपवून आणि मग उभे करून तिचा रक्तदाब मोजावा, हे त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही, आणि ही चूक मला अजून टोचते.

हृदयाला स्वतःची लय असते, पण तिला लगाम घालणारी एक नस मेंदूच्या तळापासून निघून मानेतून छातीत उतरते, हे वैद्यकाला पावणेदोनशे वर्षांपासून माहीत आहे. १८४५ मध्ये वेबर बंधूंनी ही व्हेगस नस विजेने उत्तेजित केल्यावर हृदय मंदावते आणि थांबतेही, असे दाखवून दिले. आपल्या इच्छेवाचून चालणाऱ्या या साऱ्या यंत्रणेला जॉन लँग्ली यांनी १८९८ मध्ये स्वायत्त मज्जासंस्था हे नाव दिले. व्हेगस नस हृदयाशी रसायनाच्या भाषेत बोलते, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयांवरील प्रयोगातून सिद्ध केले. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. फवारणीच्या विषबाधेत ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकांमुळे हेच रसायन शरीरात साचते आणि त्याचा परिणाम रोखणारे ॲट्रोपिन टोचावे लागते, त्यामुळे कापूसपट्ट्यातल्या डॉक्टरांना व्हेगसचा जोर पुस्तकापेक्षा खाटेवरच्या रुग्णात अधिक भेटला आहे. मधुमेहात घडते ते याच्या उलट, म्हणजे लगामच हळूहळू सैल पडतो.

मधुमेहात पायाच्या नसांबरोबर या स्वायत्त नसाही बिघडतात, याचे सविस्तर वर्णन वेन रंडल्स यांनी १९४५ मध्ये १२५ रुग्णांच्या आधारे केले. मात्र हृदयापुरता प्रश्न मोजता येऊ लागला तो १९७३ नंतर. त्या वर्षी लंडनच्या व्हीलर आणि वॉटकिन्स यांनी एक साधी गोष्ट पुढे आणली. निरोगी माणसाचे हृदय श्वास घेताना थोडे वेगाने आणि सोडताना थोडे सावकाश चालते. स्वायत्त नसा बिघडलेल्या मधुमेही रुग्णांमध्ये ही चढउतार नाहीशी होते आणि ठोके घड्याळासारखे एकसुरी पडू लागतात. नियमित नाडी म्हणजे निरोगी नाडी, ही आपली घरगुती समजूत इथे उलटी पडते.

पुढे एडिंबरामध्ये युइंग आणि क्लार्क यांनी पाच चाचण्यांचा संच बसवला : मिनिटाला सहा या गतीने खोल श्वास, उभे राहिल्यावर नाडीत होणारा बदल, नाक-तोंड बंद ठेवून जोर करणे, उभे राहिल्यावर रक्तदाबात होणारी घट, आणि मूठ आवळून धरल्यावर होणारी वाढ. खोल श्वासाच्या चाचणीत नाडीच्या सर्वाधिक आणि सर्वांत कमी वेगात मिनिटाला १५ ठोक्यांचा फरक त्यांनी चांगला मानला आणि १० किंवा त्याहून कमी फरक सदोष ठरवला; वयोमानाने हा फरक स्वाभाविकपणे घटतो, हे मात्र आकडा वाचताना ध्यानात ठेवावे लागते. या कामाचे गांभीर्य १९८० च्या त्यांच्या निष्कर्षांतून समोर आले, कारण लक्षणे आणि सदोष चाचण्या दोन्ही असलेल्या रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास रुग्ण पाच वर्षांत दगावले होते. नंतरच्या अभ्यासांत प्रमाण इतके भयंकर निघाले नाही, तरी मृत्यूचा धोका वाढतो ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत राहिली. अशा रुग्णाला हृदयविकाराचा झटका येऊनही पुष्कळदा छातीत दुखत नाही, हे त्यामागचे एक कारण आहे. घाम, धाप किंवा नुसता थकवा एवढेच जाणवल्याने रुग्ण दवाखान्यात उशिरा पोहोचतो.

हे सगळे संशोधन मधुमेह झालेल्यांवरचे होते. मधुमेह कोणाला म्हणायचे, याची रेषा दुसरीकडे आखली जात होती. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने ग्लुकोज पाजून दोन तासांनी १४० ते १९९ साखर असणाऱ्यांचा वेगळा गट केला. १९९७ मध्ये उपाशीपोटीच्या साखरेची मधुमेहाची मर्यादा १४० वरून १२६ वर आणली गेली आणि ११० ते १२५ चा मधला पट्टा ठरला. २००३ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने तो १०० पासून धरला, तर जागतिक आरोग्य संघटनेने ११० च कायम ठेवला. तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीएवनसी चाचणीतला ५.७ ते ६.४ हा पट्टा २०१० चा आहे. मधुमेहाची वरची रेषा ठरवताना मुख्य आधार होता डोळ्यांचा, म्हणजे कोणत्या साखरेपासून दृष्टिपटलाला इजा दिसू लागते याचा. रेषा डोळ्यांनी आखली, नसांना कोणी विचारले नाही, असे मला या इतिहासाबद्दल म्हणावेसे वाटते.

नसांचे उत्तर २००० च्या सुमारास मिळू लागले. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घकालीन हृदयरोग अभ्यासातल्या व्यक्तींच्या ठोक्यांची नोंद तपासली, तेव्हा उपाशीपोटीची साखर मधल्या पट्ट्यात असणाऱ्यांमध्येही ठोक्यांमधली चढउतार निरोगी माणसांपेक्षा कमी आढळली. त्यानंतर निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांनी याला दुजोरा दिला. बिघाड मधुमेहाइतका मोठा नसतो आणि मधल्या पट्ट्यातल्या प्रत्येकाला तो होत नाही, हेही त्यांतून स्पष्ट झाले. कारणे एकाहून अधिक आहेत. वाढलेली साखर नसांना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या वाहिन्यांना इजा करते. त्यातच इन्सुलिनला शरीर दाद देत नाही म्हणून इन्सुलिन वाढते, पोटातली चरबी दाह पसरवते, आणि व्हेगसच्या उलट हृदयाचा वेग वाढवणाऱ्या नसांची यंत्रणा जोर धरते. व्हेगस ही लांब नस असल्याने तिच्यावर परिणाम लवकर दिसतो, आणि म्हणून विश्रांतीतली वाढलेली नाडी ही पुष्कळदा पहिली खूण ठरते.

विदर्भाच्या खेड्यात हा विषय परका मानण्याचे कारण नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०११ च्या पाहणीत महाराष्ट्रात मधुमेह ८.४ टक्के, तर मधुमेहपूर्व अवस्था १२.८ टक्के आढळली होती, म्हणजे रेषेच्या अलीकडची माणसेच जास्त. शेतात राबणारा सडपातळ माणूस यातून सुटतो, हाही भरवसा धरता येत नाही, कारण बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असू शकते, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे.

इथे आणखी दोन स्थानिक अडचणी आहेत आणि बाहेरच्या पुस्तकांत त्या सहसा सापडत नाहीत. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर मरत असल्याने एचबीएवनसी खोटी कमी येते, तर लोहाच्या कमतरतेत ती खोटी वाढू शकते, म्हणून तिच्यापेक्षा उपाशीपोटीची आणि दोन तासांनंतरची साखर अधिक विश्वासाची. दुसरी अडचण खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची. तोंडात खर्रा असताना मोजलेली नाडी तंबाखूची असते, नसांची नव्हे, आणि तोंडात खर्रा आहे का, हे विचारल्याशिवाय ९६ हा आकडा वाचण्यात अर्थ नाही.

या टप्प्यावर उपायाला वाव आहे, याचा पुरावाही याच इतिहासात आहे. मधल्या पट्ट्यातल्या लोकांवरच्या अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात आहार, चालणे आणि वजन यांवर काम केल्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटल्याचे २००२ मध्ये जाहीर झाले; भारतातल्या तशाच प्रयोगात २००६ मध्ये ही घट सुमारे २८ टक्के आली. अमेरिकेतल्या त्याच प्रयोगाच्या ईसीजींवरून, राहणी बदललेल्या गटात नाडी उतरली आणि ठोक्यांमधली चढउतार वाढली, असेही २००६ मध्ये दिसले. लगाम काही अंशी पुन्हा हाती येऊ शकतो, असा त्याचा अर्थ आहे.

ती बाई पुढच्या महिन्यात पुन्हा आली, तेव्हा तिला पाच मिनिटे झोपवून रक्तदाब घेतला, मग उभे करून एका आणि तीन मिनिटांनी घेतला. वरचा आकडा १३२ वरून १०८ वर आला होता, आणि २० किंवा त्याहून अधिक घट ही सदोष मानली जाते. ईसीजीची पट्टी काढण्यासाठी तिला तालुक्याला पाठवताना मी चिठ्ठीवर ‘बॉर्डर’ हा शब्द लिहिला नाही. उभे राहिल्यावर रक्तदाब किती उतरतो आणि विश्रांतीत नाडी किती असते, ते आकडे लिहिले.