शटर चिकटते कशाने?

डिसेंबरातल्या बेळगावच्या थंडीत सकाळी मुकाट बसणारा आणि दुपारी गच्चीवर तासभर ऊन खाल्ल्यावर चालू लागणारा जुना कॅमेरा हाती आला, तर त्याचा एखादा भाग मोडला आहे अशी शंका सहसा घेऊ नये. तुटलेली स्प्रिंग उन्हाने जुळत नाही. उन्हाने बदलते ती तेलाची दाटी, म्हणजेच विष्यंदिता. तापमान १५ अंशांवरून ३० अंशांवर गेले की साध्या खनिज तेलाची विष्यंदिता निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. माझ्या मामांनी निपाणीत लग्नामुंजीचे फोटो काढण्यासाठी वापरलेला, दोन भिंगांचा जपानी कॅमेरा लोखंडी कपाटात वीस-बावीस वर्षे पडून राहिल्यावर नेमका असाच वागत होता, आणि दुरुस्तीची दिशा मला त्या उन्हानेच दाखवली.

अशा कॅमेऱ्याचे शटर भिंगाच्या आतच असते. कागदासारख्या पातळ, बहुधा पोलादी पाकळ्या एका कड्यावर बसवलेल्या असतात; कळ दाबली की ताणलेली स्प्रिंग ते कडे फिरवते, पाकळ्या उघडतात आणि ठरलेल्या वेळेनंतर मिटतात. ही ठरलेली वेळ मोजायची कशी, हा जुन्या कारागिरांपुढचा खरा प्रश्न होता. म्युनिकच्या डेकेल कंपनीच्या कंपाउंड या शटरात त्यासाठी हवेचा छोटा दट्ट्या होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याच कंपनीने दट्ट्याच्या जागी दातेरी चाकांची मालिका बसवली आणि नव्या शटराला ‘कंपाउंड’ आणि घड्याळाच्या यंत्रणेसाठी असलेला जर्मन शब्द ‘उअरवेर्क’ यांची सांगड घालून ‘कंपुर’ असे नाव दिले. १९२९ साली आलेल्या पहिल्या रोलिफ्लेक्स या दोन भिंगांच्या जर्मन कॅमेऱ्यात हेच शटर होते, आणि पुढे जपानी कंपन्यांनी बनवलेली शटरेही मूळ तत्त्वाने त्याच घराण्यातली आहेत. एक सेकंद किंवा अर्धा सेकंद असा संथ वेग लावल्यावर ऐकू येणारी ‘झर्र’ ही त्या चाकांची घरघर असते. शेवटच्या चाकाच्या दातांवर नांगराच्या आकाराचा एक चिमुकला तुकडा आपटत राहतो आणि स्प्रिंगचा वेग अडवून धरतो.

यावरून निदानाचा एक सोपा नियम निघतो. वेगवान आकडे नीट चालत असतील आणि केवळ संथ वेग मध्येच थबकत असतील, तर दोष चाकांत आहे. सगळेच वेग बिघडले असतील किंवा पाकळ्या अर्धवट उघडून राहत असतील, तर दोष पाकळ्यांवर आहे. माझ्याकडे दुसरा प्रकार होता. मागचे झाकण उघडून, कॅमेरा खिडकीकडे धरून पाकळ्या तिरप्या उजेडात पाहिल्या, तेव्हा त्यांवर पेट्रोल सांडलेल्या ओल्या रस्त्यावर दिसतात तसे इंद्रधनुषी पट्टे दिसले. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास जाडी असलेल्या थरावरच असे रंग उमटतात, म्हणजे तेल किती थोडे आहे याचा तो पुरावाच होता.

इतक्या थोड्या तेलाने यंत्र अडावे, हे पहिल्यांदा पटत नाही. पण थर जितका पातळ तितकी त्याची पकड घट्ट. दोन पाकळ्यांमध्ये एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढ्या जाडीचे तेल असेल, तर पृष्ठताणामुळे त्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि हा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ६०० ग्रॅम वजनाइतका भरू शकतो. पाकळ्या अलग होत नाहीत, एकमेकींवरून घसरतात, हे खरे. परंतु घसरतानाचा विरोधही थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. पाकळ्या हलक्या, स्प्रिंग नाजूक आणि हाताशी वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागाचा, त्यामुळे स्प्रिंगला ही ओढ झेपत नाही. जुने तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून डिंकासारखे होते, ते वेगळेच.

हे तेल पाकळ्यांवर कोणी घातलेले नसते; ते कॅमेऱ्याच्या इतर भागांना लावलेल्या ग्रीसमधून येते. ग्रीस म्हणजे साबणासारख्या पदार्थाच्या जाळीत धरून ठेवलेले तेल. वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्यांनी ते जाळीतून पाझरते आणि, पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी असल्याने, स्वच्छ धातूवर सहज पसरत जाऊन फटीत शिरते. म्हणूनच ‘दोन थेंब तेल सोडा, सुटेल’ हा शेजारधर्माचा सल्ला येथे घातक ठरतो.

दुरुस्तीसाठी पुढच्या भिंगाचा गट आट्यांवरून उलटा फिरवून काढावा लागतो. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात फोकस करताना भिंगांची पूर्ण पाटीच पुढेमागे सरकते, त्यामुळे हा गट परत पूर्ण आवळला की तो मूळ जागी येतो. घडीच्या कॅमेऱ्यात मात्र पुष्कळदा पुढचे भिंग फिरवूनच फोकस होतो; तेथे आट्याची सुरुवात चुकली की सगळा फोकस बिघडतो, म्हणून काढण्यापूर्वी खुणेची रेघ ओढावी. जपानी कॅमेऱ्यांचे अधिक-चिन्हाचे पेच नेहमीच्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरला नीट बसत नाहीत. त्यांची खाच वेगळ्या जपानी मानकाची असते आणि चुकीचे टोक वर उसळून खाच खाते. उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या मित्राने एका जुन्या ड्रायव्हरचे टोक घासून दिले, तेव्हा माझी अडचण मिटली.

धुण्यासाठी मी व्हाइट पेट्रोल वापरले. ॲसिटोन रंग आणि प्लॅस्टिक खाते, म्हणून ते टाळावे. खिडक्या उघड्या असाव्यात, गॅस बंद असावा आणि देवघरातील समईही विझलेली असावी, कारण या द्रवाची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरत ज्योतीपर्यंत पोहोचते. कापसाच्या काडीवर दोन थेंब घेऊन पाकळ्या पुसायच्या, शटर वीस-तीस वेळा चालवायचे, पुन्हा कोरड्या काडीने पुसायचे. पुसणे महत्त्वाचे, कारण व्हाइट पेट्रोल उडून जाते, तेल उडत नाही. नुसते द्रवात भिजवून ठेवले तर विरघळलेले तेल वाळताना पुन्हा सगळ्या पाकळ्यांवर सारखे पसरते. दोन दिवसांनी पाकळ्या परत मंदावल्या, तेव्हा माझे हेच झाले होते. चार फेऱ्या झाल्यावर रंगाचे पट्टे गेले. स्वयंचलित टायमरची कळ मात्र मी हलवली नाही. इतक्या जुन्या कॅमेऱ्यात ती मध्येच अडकून राहण्याचा धोका असतो.

मोजणीसाठी मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रे टिपणारे संथ चित्रण पुरले. १/३० सेकंदात ८ चित्रांत उजेड दिसायला हवा. धुण्यापूर्वी तो १९ चित्रांत दिसला होता, म्हणजे फिल्मवर दुपटीहून जास्त प्रकाश पडत होता. धुतल्यावर ९ चित्रे आली. १/१२५ च्या पुढे हा उपाय निरुपयोगी ठरतो, कारण तेथे जेमतेम दोन चित्रे हाती लागतात. पुढच्या वेगांसाठी फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे उजेड टिपणारा इलेक्ट्रॉनिक सुटा भाग, संगणकाच्या माइकच्या खोबणीला जोडला; तेथे सेकंदाला ४४,१०० नोंदी होतात. १/५०० ला सुमारे ८८ नोंदी अपेक्षित होत्या, ११६ मिळाल्या. म्हणजे शटर प्रत्यक्षात १/३८० च्या आसपास चालत होते. एवढा जास्तीचा प्रकाश कृष्णधवल निगेटिव्ह फिल्म सहज सामावून घेते. स्प्रिंग जुनी आहे, तिला ताण देण्याच्या फंदात मी पडलो नाही, आणि जानेवारीतल्या एका सकाळी, ऊन न दाखवता, तोच कॅमेरा पहिल्याच कळीला वाजला.