बांधकामातली वेअरेबल सुरक्षा साधनं : स्वीकाराची कारणं

स्मार्ट हेल्मेट, लोकेशन दाखवणारं जॅकेट, हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा, अवजड मशिन जवळ आलं की वाजणारा टॅग असली सेन्सरवाली साधनं कामगार कशामुळे वापरतात आणि कशामुळे काढून ठेवतात, त्याचा हा अभ्यासविषय. साधं हेल्मेट सक्तीचं व्हायलाच १९३० चं दशक उजाडलं. अमेरिकेतल्या गोल्डन गेट पुलाचं नाव यात सगळे घेतात, पण तिथल्याच हूवर धरणावरचे कामगार साधारण त्याच सुमारास किंवा थोडं आधी कापडी टोप्या डांबरात बुडवून कडक करून घालत होते, म्हणून पहिला मान कुणाचा यावर जोर न दिलेला बरा.

बहुतेक अभ्यास फ्रेड डेव्हिस या संशोधकाच्या तंत्रज्ञान-स्वीकार मॉडेलवर, म्हणजे लोक नवं तंत्रज्ञान का वापरतात हे सांगणाऱ्या मांडणीवर, उभे आहेत. मूळ प्रबंधाचं साल कुणी १९८५ देतं कुणी १९८६, लेख मात्र नक्की १९८९ चे. वस्तू उपयोगी वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का, हे त्यातले दोन मुख्य प्रश्न. पण हे मॉडेल ऑफिसात कॉम्प्युटर वापरणाऱ्यांवरून बनलंय, साइटवर काय घालायचं ते बरेचदा कंत्राटदार ठरवतो, तेव्हा ‘वापरायची इच्छा’ मोजून फार काही हाती लागत नाही. त्यापेक्षा वेंकटेश आणि सहकाऱ्यांचं २००३ चं मॉडेल जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात आजूबाजूच्यांचा प्रभाव, मिळणारी सोय आणि वापर ऐच्छिक आहे की नाही हे तिन्ही येतं. चोई, ह्वांग आणि ली यांनी २०१७ मध्ये कामगार असं जॅकेट आणि मनगटी पट्टा कशामुळे स्वीकारतात ते तपासलं, त्यात उपयुक्तता आणि सामाजिक प्रभावासोबत खासगीपणाची भीतीही ठळक निघाली.

ही भीती खरी आहे, आणि तिला गैरसमज म्हणून उडवून लावणं चुकीचं आहे. पडल्यावर मदत बोलावणारा टॅगच कोण किती वेळ बसला होता हेही सांगू शकतो. डेटा कोण बघणार, किती दिवस ठेवणार, त्यावरून पगार कापणार का, याचं उत्तर आधी लेखी मिळायला हवं.

खोटे अलार्म हे दुसरं मोठं कारण. मशिनला इशारे देणाऱ्याला मशिनजवळच उभं राहावं लागतं, त्याचा टॅग सारखा वाजत राहतो आणि मग खऱ्या धोक्यालाही तो मान वर करत नाही. काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालवताना हात इतका हलतो की प्रकाशावर चालणाऱ्या मनगटी सेन्सरचे आकडे बिघडतात. घाम, वजन, हातमोजे घालून न दाबता येणारं बटण, शिफ्ट संपायच्या आत उतरणारी बॅटरी, ही कारणंही आहेतच.

खर्चाचा प्रश्न छोट्या कंत्राटदारांना जास्त बोचतो, आणि कामगार दर थोड्या दिवसांनी साइट बदलत असेल तर साधन कुणाच्या नावावर द्यायचं हेही ठरत नाही.