लाकूड कुजलं, खड्डा उरला

भाच्याने वेल्समधून फोटो पाठवला. गवताने माखलेलं टेकाड, वर झाडी, बाजूला मेंढ्या. खाली ओळ : 'मामा, हा किल्ला आहे म्हणे!' ट्रेकच्या ग्रुपवर हशा पिकला. बुरूज नाही, तट नाही, साधा चिराही नाही, किल्ला कसला?

पण तो किल्लाच आहे. नाव हेन डोमेन, म्हणजे वेल्श भाषेत 'जुना ढीग'. उकिरड्यालाही तिथे तोच शब्द! १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि १०७०च्या दशकात रॉजर ऑफ मॉन्टगोमेरी या सरदाराने वेल्सच्या सीमेवर हा उभारला. खंदक खणायचा, निघालेली माती रचून टेकाड करायचं, त्यावर लाकडी मनोरा. पायथ्याशी लाकडी तटाचं आवार. ना पाथरवट, ना चुन्याची घाणी. १२२३मध्ये राजा तिसऱ्या हेन्रीने जवळच दगडी किल्ला बांधायला घेतला आणि याचं महत्त्व ओसरलं.

मग लाकूड गेल्यावर घर कुठे होतं हे कळतं कसं? इथेच मला खरी मजा वाटते. खांब रोवायला खड्डा खणला की जमिनीचे थर फुटतात. वरची काळी आणि खालची पिवळी माती कालवली जाते आणि पुन्हा कधीच पहिल्यासारखी बसत नाही. खांब आधी कुजतो तो जमिनीलगत, कारण हवा आणि ओल दोन्ही तिथेच मिळतात. कुंपणाचे खांब तिथेच मोडतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. खालचा बुंधा सावकाश कुजतो आणि त्याच्या जागी भुसभुशीत, काळपट माती उतरते. जमीन थापीने अलगद तासली की गोल डाग दिसतो. उन्हात तो पुसट होतो, पावसाची सर आली की ओल धरून उठून दिसतो. खांब उपटला असेल तर डागाच्या कडा फाटतात, जळला असेल तर कोळसा मिळतो. एका खड्ड्याने दुसऱ्याला कापलं असेल, तर कापणारा नंतरचा. असे शेकडो छेद जुळवत बसायचं. डोकं गरगरतं, कबूल.

आपल्याकडे घोडनदीकाठच्या इनामगावला ताम्रपाषाणयुगीन झोपड्यांचे आराखडे उभे करताना अशाच खांबखड्ड्यांचा आधार मिळाला. म्हणून गुप्तधनासाठी गढ्या उकरणाऱ्यांचा राग येतो. मांत्रिकाच्या सांगण्यावरून मारलेली एक कुदळ हंडा तर देत नाहीच, पण हे डाग कायमचे पुसते.

हेन डोमेनला पुरातत्त्वज्ञ फिलिप बार्कर यांनी १९६० साली उत्खनन सुरू केलं. पुढे रॉबर्ट हायम यांच्यासह ते १९९२पर्यंत चाललं. बत्तीस वर्षं, आणि तरी आवाराचा एक भागच खणून झाला! कारण काही इमारतींना खांबखड्डेही नव्हते. जमिनीवर आडवी तुळई ठेवून भिंत उभी केलेली. तिची खूण म्हणजे गोट्यांच्या फरशीतली जराशी वेगळी रेघ. ती शोधायला गुडघ्यांवर बसून हाताएवढी जागा दिवसभर साफ करायची.

आणि या सगळ्याच्या खाली नांगराचे तास निघाले. किल्ल्याआधी तिथे कुणाचं तरी शेत होतं. वर माती पडली, म्हणूनच ते सऱ्या-वरंब्यांसकट शाबूत राहिलं.