रोज चिमूटभर खाल्लं की अ‍ॅलर्जी जाते?

वर्षानुवर्षं फिरणारा सल्ला असा: ज्या पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे तो घरीच रोज चिमूटभर द्या, अंगवळणी पडेल.

हा समज अगदीच हवेतून आलेला नाही. ओरल इम्युनोथेरपी नावाचा उपचार खरोखर आहे आणि त्यात तोच पदार्थ पोटात दिला जातो. फरक मात्रेचा आहे. एका शेंगदाण्यात साधारण 250 ते 300 मिलिग्रॅम प्रथिनं असतात. उपचाराची सुरुवात होते ती काही मिलिग्रॅमपासून, कधी त्याहूनही कमी. चिमटीत किती आलं हे घरी कोण मोजणार? शिवाय मात्रा वाढवायची ती डॉक्टरांच्या नजरेसमोर, तीव्र त्रास झाल्यास लगेच द्यायचं अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन हाताशी ठेवून. कालपर्यंत सोसलेली मात्रा तापात किंवा व्यायामानंतर अचानक बाधू शकते.

‘जाते’ हेही पुरतं खरं नाही. बहुतेकांची फक्त सहनशक्ती वाढते, म्हणजे चुकून थोडं पोटात गेलं तरी जिवावर बेतण्याची शक्यता कमी होते. रोजचा डोस थांबला की अनेकांचं हे संरक्षण ओसरतं.

अ‍ॅलर्जी खरंच आहे की गेली हे पडताळायचं असेल तर रक्ततपासणीतल्या नुसत्या आयजीईच्या (अ‍ॅलर्जीशी निगडित प्रतिपिंडाच्या) आकड्यावर विसंबू नका. तो वाढलेला असूनही पदार्थ निवांत पचवणारे असतात. खात्रीची चाचणी म्हणजे दवाखान्यात, देखरेखीखाली, तो पदार्थ वाढत्या मात्रेत खाऊन पाहणं. लहान मुलांची दुधाची किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी पुष्कळदा वयानुसार आपोआप सुटते. ‘आमच्याकडे गुण आला’ म्हणणाऱ्या घरांत कदाचित हेच घडलेलं असतं.